कुंदाताईंनी घातलेले बांध

ऑगस्ट संपत आला होता. कोलोनच्या उपनगरातल्या थांब्यावर मी सकाळी बानची, म्हणजे ट्रामची, वाट पाहत उभा होतो आणि माझ्या पिशवीत लोकरीचे जाड मोजे होते. बाहेर लोक अर्ध्या बाह्यांचे शर्ट घालून फिरत होते, पण हॉस्पिटलमध्ये कुंदाताईंचे पाय गार पडत होते, म्हणून आदल्या संध्याकाळी त्यांनी ते घरून आणायला सांगितले होते. "कपाटाच्या खालच्या कप्प्यात बघ, ग्रीनलंडचे आहेत. इथल्या दुकानातले नकोत, त्यात नुसतं नायलॉन असतं." बान आली, दारे उघडली आणि तेवढ्यात मोबाइल वाजला. ताईंचे थोरले बंधू, आमचे दादा, बोलत होते. साताऱ्याहून येऊन त्यांना थोडेच दिवस झाले होते आणि कोलोनमध्ये ते फोनवर नेहमी ओरडून बोलत, भारतात फोन लावल्यासारखे. त्या दिवशी मात्र ते हळू बोलले. "विलास, निवांत ये आता. घाई करू नकोस..." त्या 'निवांत'वरूनच मला कळले. दारे मिटली, बान निघून गेली. पुढची आली, तीही गेली. मी मोजे हातात घेऊन तसाच बाकावर बसून राहिलो.

डॉ. कुंदा म्हणजे आम्हा कोलोनमधल्या मराठी विद्यार्थ्यांच्या कुंदाताई. त्या माण तालुक्यातल्या, मी करमाळ्याकडचा. दोन्ही गावे कोरडी. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. शिष्यवृत्ती मिळून जर्मनीत आलो तेव्हा फ्रँकफर्टच्या विमानतळावर सरकत्या जिन्याची भीती वाटून बॅग उचलून साध्या जिन्याने उतरलो होतो. कोलोनला स्टेशनवर ताई घ्यायला आल्या होत्या. आमच्या संस्थेत त्या बरीच वर्षे संशोधक होत्या आणि मी त्यांच्याच विभागात डॉक्टरेटसाठी आलेला, एवढीच ओळख. पण पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला आनमेल्डुंग करायला, म्हणजे राहत्या पत्त्याची नोंद करायला, सरकारी कचेरीत नेले, बँकेत नेले, सायकल घेऊन दिली. कचेरीतल्या बाईंसमोर मी सारखा 'या, या' म्हणत होतो, तर बाहेर आल्यावर म्हणाल्या, "अरे, ती विचारत होती लग्न झालंय का. तू दोनदा हो म्हणालास. आता बायको आण कुठून तरी." पहिल्या सेमिनारमध्ये माझी बोबडी वळली तेव्हा संध्याकाळी रिकाम्या वर्गात त्यांनी मला तेच भाषण पुन्हा पहिल्यापासून करायला लावले आणि स्वतः मागच्या बाकावर बसून प्रश्न विचारले. आज मी चार लोकांत उभा राहून बोलू शकतो ते त्या रिकाम्या वर्गामुळे. हे ऋण कागदावर उतरवता येत नाही, पण निदान नोंदवावे म्हणून हा लेख.

ताईंचा विषय ऐकून लोक हसत. ग्रीनलंडची शेती. जगाच्या नकाशावर वरच्या टोकाला जे मोठे पांढरे बेट दिसते, त्यात शेती? ताई समजावून सांगत. "आल्झो, म्हणजे असं बघा, नकाशा पांढरा आहे म्हणून सगळा देश पांढरा नसतो." आत बर्फाचे पठार, पण दक्षिणेला समुद्राच्या खाड्या आत घुसलेल्या आहेत आणि त्यांच्या काठी उन्हाळ्यात हिरव्या उतरंडी दिसतात. तिथे मेंढपाळांची घरे आहेत. एका घरापासून दुसऱ्या घरी बहुतेक वेळा होडीनेच जावे लागते. थोडे बटाटे, थोडे सलगम, बाकी सगळी शेती म्हणजे गवत. कारण मेंढ्या उन्हाळाभर डोंगरात चरतात, पण लांबलचक हिवाळा त्यांना गोठ्यात काढावा लागतो आणि तेव्हा गवत हवे. घरचे गवत कमी पडले तर डेन्मार्कहून जहाजाने येणारा चारा घ्यायचा, आणि तो घेत बसले की मेंढी पाळणे परवडत नाही. "त्या देशाचं जेवण समुद्रातून येतं आणि पगार डेन्मार्कहून," ताई म्हणायच्या. "कोळंबी आणि हॅलिबट मासा बाहेर जातो. कांदा, तांदूळ, लाकूड, ट्रॅक्टरचा स्क्रू, सगळं बाहेरून आत येतं. सरकारही निम्मं डेन्मार्कच्या अनुदानावर चालतं. स्वतःच्या जमिनीवर उभे असलेले लोक म्हणजे हे मूठभर मेंढपाळ. ते टिकले पाहिजेत." त्यांच्या आईंना मात्र हे काही केल्या पटत नसे. फोनवर त्या ताईंना टोमणा मारत, "एवढी शिकलीस, सातासमुद्रापार गेलीस, आणि शेवटी मेंढरांमागंच गेलीस व्हय गं?" ताई खो खो हसत आणि आम्हाला स्पीकरवर ऐकवत.

त्या मेंढपाळांपैकी एकाच्या शेतावर ताईंचे काम चाले. त्याचे नाव पाविया. पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. त्याच्या वडिलांनी खाडीकाठची दगडधोंड्यांची जमीन साफ करून तिथे शेत केले होते. ताई डॅनिश शिकल्या होत्या, पाविया थोडे इंग्रजी बोले, त्यामुळे दोघांचे दोन्ही भाषांत मिळून चाले. उन्हाळ्यात ताई त्याच्याच घरी राहत. परत आल्या की त्यांच्या बोलण्यात महिनाभर पाविया असे... पाविया असं म्हणाला, पावियाची म्हातारी कुत्री तसं करते. मी पावियाला कधी पाहिले नाही, पण रस्त्यात भेटला असता तर ओळखला असता.

दोन हजार चारच्या उन्हाळ्यात ताई तिथे गेल्या तेव्हा पाऊस नव्हता. बर्फाच्या पठारावरून उतरताना तापलेला, कोरडा वारा खाली येत होता आणि गवत उभ्याउभ्या पिवळे पडत होते. त्याच वेळी वरच्या डोंगरातले बर्फ वितळून एक ओढा शेताच्या कडेने खळखळत खाडीत जात होता. हे त्यांना पाहवेना. त्यांनी मला नंतर ते सांगितले तेव्हाही त्यांचा आवाज चढला होता. "शेत वाळतंय आणि शेजारून पाणी चाललंय नुसतं समुद्रात! विलास, तू असतास तर काय केलं असतंस?" मी क्षणाचाही विचार न करता म्हणालो, "बांध घातला असता." "गेनाऊ! अगदी बरोबर!" ताई म्हणाल्या आणि टेबलावर थाप मारली. आमच्या भागातल्या कोणालाही विचारा, हेच उत्तर येईल. बहात्तरच्या दुष्काळात ताईंची आई बांधाच्या कामावर पाट्या वाहत होती आणि लहानगी कुंदा बांधाच्या कडेला बसून दुष्काळी कामावर मिळणारी सुकडी खात होती. वाहते पाणी अडवायचे, उभे करायचे, जिरवायचे, हे आम्हाला कोणी शिकवावे लागत नाही. ताईंनी पावियाच्या घरातली एक पारदर्शक नळी घेतली, तिच्यात पाणी भरले आणि आपल्याकडे गवंडी धरतात तशी दोन्ही टोके धरून शेताची समपातळी काढली. मग त्या, पाविया आणि त्याचा पुतण्या अशा तिघांनी मिळून दगडमातीचे बुटके बांध घातले. ओढ्याचे पाणी वळवून आत घेतले. तिथले जुने शेतकरी शेतातून पाणी बाहेर काढायला चर खणतात. पाणी आत कोंडून ठेवणारे शेत त्या खाडीवर हे पहिलेच असावे.

पुढचा हिवाळा सरळ कडाक्याच्या थंडीचा गेला, काही बिघडले नाही. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात गवत असे आले की पावियाला गोठ्याच्या माळ्यावर जागा पुरेना. त्याने फोटो पाठवला. गवताच्या राशीपुढे तो उभा आहे, कधी नव्हे ते हसतो आहे, आणि मागे आमच्या माणातले वाटावेत असे बांध. ताईंनी तो फोटो संस्थेच्या स्वयंपाकघरात फ्रिजवर लावला आणि सगळ्या विभागाला शिरा खाऊ घातला. आमचे प्राध्यापक एरवी कौतुक हात राखून करत, पण त्यांनीही शिरा दोनदा घेतला. ताई त्या दिवशी आईंना फोनवर म्हणाल्या, "आई, तू जे बांध घातलेस ना, ते आता ग्रीनलंडात पोचले." आईंना ग्रीनलंड कुठे ते ठाऊक नव्हते. पण बांध म्हटल्यावर त्यांनी विचारले, "दगडाचं का मातीचं?"

दोन हजार सहाच्या सुरुवातीला, भर हिवाळ्यात, पावियाचा फोन आला. तिकडे अचानक उबदार वारा सुटला होता आणि बर्फाऐवजी पाऊस पडला होता, चांगला दोन-तीन दिवस. मग पुन्हा गोठवणारी थंडी. तो म्हणाला की शेत आरशासारखे चमकते आहे, पुतण्याची मुले त्याच्यावर स्केटिंग करतात. ताईंनी हे दुपारच्या जेवणाच्या टेबलावर रंगवून सांगितले. "ऐका, माझ्या बांधांचा नवा उपयोग. खाडीवरच्या पोरांना स्केटिंगचं मैदान मिळालं!" आम्ही सगळे हसलो. त्या विषयात डॉक्टर असलेली माणसे टेबलाभोवती बसली होती, त्या स्वतः होत्या, आणि एकाच्याही मनात काही आले नाही.

त्यानंतर ताईंना थकवा जाणवू लागला. आधी वाटले कामाचा ताण असेल, मग पोट दुखू लागले, मग डोळे पिवळे झाले. एप्रिलमध्ये तपासण्या झाल्या. स्वादुपिंडाचा कर्करोग, आणि शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेलेला. डॉक्टरांनी ते अगदी नीट, शांतपणे, समोर पाण्याचा ग्लास ठेवून सांगितले. मी बरोबर होतो. बाहेर आल्यावर ताई म्हणाल्या, "भाषा चांगली येण्याचा हा तोटा. सगळं समजलं." मग म्हणाल्या, "या उन्हाळ्यात जाता येणार नाही रे तिकडे." मला तेव्हा वाटले, बाई मरणाच्या दारात उभी आहे आणि मेंढ्यांचा विचार करते आहे. आता वाटते, त्यांना धरायला दुसरे काही हाताशी नव्हते.

मे संपता संपता पावियाचा फोन आला. मी ताईंच्या स्वयंपाकघरात पेज करत होतो आणि फोन स्पीकरवर होता. बर्फ वितळले, पाविया म्हणाला, पण शेत उठले नाही. गवत तपकिरी पडले आहे, हाताला बुळबुळीत लागते, आंबट वास येतो. जमीन दमली असेल, मागच्या वर्षी तिने फार दिले. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. त्याने ठरवले होते... हा उन्हाळा मेंढ्या डोंगरात चरतील, मग शरद ऋतूत कत्तलखान्याची बोट येईल तेव्हा कोकरांबरोबर माद्याही पाठवून द्यायच्या. पुतण्या शहरात कोळंबीच्या कारखान्यात लागला आहे, तिथे त्यालाही काम मिळेल. ताई नुसत्या ऐकत होत्या. मग त्यांनी विचारले, "सगळंच गेलं? एकही कोपरा हिरवा नाही?" पाविया म्हणाला, एक पट्टा आहे, शेताच्या खालच्या बाजूला. तिथे शरदात ट्रॅक्टर वळवताना त्याच्याकडून बांध फुटला होता. पण मेंढ्या त्याच वाटेने ये-जा करतात, लेंड्या पडतात, म्हणून तेवढे आले असेल.

ताईंच्या हातातला चमचा तसाच राहिला. फोन ठेवल्यावर त्या एकदम माणातल्या भाषेत म्हणाल्या, "इलास, म्या मारलं रं त्याचं रान." मला कळेना. त्यांनी समजावले. गवत थंडीने मरत नाही. जाड बर्फाच्या भुसभुशीत थराखाली ते निजलेले असते आणि त्या भुशातून थोडा थोडा श्वास घेत असते. पण मधेच पाऊस पडून पाणी साचले आणि ते गोठले की वर काचेसारखा घट्ट थर बसतो. मग खाली हवा जात नाही, आतली बाहेर येत नाही. "गुदमरतं. उतारावरचं पाणी वाहून गेलं असतं, त्या उतारानं शेकडो वर्षं पाण्याला तशी वाट ठेवली होती. मी ती बुजवली. जिथं बांध फुटला तिथं जगलं... बघ ना. जिथं माझ्या हातचं मोडलं तिथं जगलं."

त्याच संध्याकाळी त्यांनी पावियाला उलट फोन केला. जमीन चांगली आहे, चूक माझी आहे, बांध फोड, बी पेर, माद्या विकू नकोस. पाविया शांतपणे ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला, "कुंदा, तू आजारी आहेस. माझ्यासाठी स्वतःला दोष देऊ नकोस. जमिनी थकतात." पुन्हा फोन केला, पुन्हा तेच. त्याला वाटत होते की ही भली बाई त्याच्या मनाला उभारी यावी म्हणून सगळे स्वतःवर घेते आहे. ताई चिडून रडल्या. मी त्यांना रडताना पहिल्यांदा पाहिले, आणि ते आजाराने नव्हते. "चांगुलपणा म्हणतोय तो याला!" त्या म्हणाल्या. "वडिलांची जमीन मेली असं समजून तो माणूस कोळंबी सोलायला जाईल. ती मेलेली नाही. त्याला पुरावा दाखवायला हवा."

मग त्यांनी प्रयोग आखला आणि तो मी करायचा असे ठरवले. संस्थेच्या मळ्यात तेच गवत होते. मुळांसकट त्याच्या चौकोनी ढेपा कापायच्या, ट्रेमध्ये लावायच्या, आधी शीतकक्षात थोडे दिवस थंडीची सवय करायची. मग निम्मे ट्रे कोरडे गोठवायचे आणि निम्म्यांवर पाणी ओतून ते बर्फाच्या लादीत बंद करायचे. फ्रीझरमध्ये ठेवायचे, बऱ्याच आठवड्यांनी बाहेर काढून बघायचे की कोण उठते. प्राध्यापकांनी परवानगी दिली, टेबलावरची शीतकक्षाची चावी माझ्याकडे सरकवली. तेव्हा जर्मनीत फुटबॉलचा विश्वचषक चालू होता. गच्च्यांवर झेंडे, गाड्यांवर झेंडे, रस्त्यात अनोळखी माणसे एकमेकांना मिठ्या मारत होती. त्या गर्दीतून वाट काढत मी सायकलवर संस्थेत जाई, ट्रे पाही, तिथून हॉस्पिटलमध्ये जाऊन ताईंना सांगे. केमोथेरपीने त्यांचे केस गेले होते. डोक्याला रुमाल बांधून त्या माझी उलटतपासणी घेत. "पाणी कसलं ओतलंस? नळाचं गार करून घेतलं होतंस ना? कोपरे भरले का नीट? पोकळी राहिली तर श्वास घेईल ते, लबाड असतं गवत."

जुलै गेला. औषध चालत नव्हते. डॉक्टर आता पुढच्या तारखा देत नव्हते. ताईंना वेळेचा हिशेब माझ्यापेक्षा चांगला कळत होता. तिकडे सप्टेंबरमध्ये डोंगरातून मेंढ्या खाली आणतात, मग बोट येते. एके दिवशी दुपारी मी गेलो तर त्या उशीला टेकून बसल्या होत्या. चेहरा मेणासारखा झाला होता. "ट्रे काढ बाहेर," त्या म्हणाल्या. "आजच काढ. मला बघायचंय." मी म्हटले, "ताई, पुरेसे आठवडे झालेले नाहीत." "ते मला शिकवू नकोस. काढ म्हणते ना." मी हो म्हणून निघालो, जिन्यापर्यंत पोचलो, तर परिचारिका धावत मागे आली आणि मला परत घेऊन गेली. ताईंनी माझे मनगट धरले. त्यांच्या बोटांत जोर उरला नव्हता. "नको काढूस," त्या म्हणाल्या. "लवकर काढलं तर दोन्ही जगतील रे. आणि मग मी निर्दोष सुटेन. पाविया म्हणेल, बघ, मी सांगत होतो ना, जमीनच थकली होती..." पुढे त्यांना बोलवेना. मी पाणी दिले. खिडकीबाहेर ऱ्हाइनवरून एक मालवाहू बोट संथ चालली होती, आम्ही दोघे ती दिसेनाशी होईपर्यंत तिच्याकडे पाहत राहिलो. आयुष्यात अनेक माणसांना मी निर्दोष ठरण्यासाठी धडपडताना पाहिले आहे. आपल्यावरचा आरोप सिद्ध व्हावा म्हणून तडफडणारे माणूस मी एकच पाहिले.

नंतरचे दिवस लिहिण्यासारखे नाहीत. दादा आले. व्हिसासाठी मुंबईच्या फेऱ्या मारून दमलेले, अंगात उसना कोट. ताई शुद्धीत असत तेव्हा दोघे बहीण-भाऊ गावातल्या विहिरींबद्दल बोलत. मग ती सकाळ आली, जिच्यापासून मी सुरुवात केली. दहनाच्या आधी कागदपत्रांत फार वेळ गेला, आणि त्या रिकाम्या तासांत दादांनी मला विचारले, "शेवटी शेवटी ती सारखं बांध, बांध म्हणायची. काय होतं ते?" मी सांगितले. ते गोंधळून माझ्याकडे पाहू लागले. "बांध घातला म्हणून रान मेलं? असं कुठं असतं का?" "तिथं असतं, दादा." त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले, लहानपणी पाट्या वाहिलेले ते हात, आणि म्हणाले, "आईला हे सांगू नको. तिनं त्याच कामावर आम्हाला जगवलंय." मी कबूल केले. आई हा लेख वाचणार नाहीत, त्यांना वाचता येत नाही. पण कोणी वाचून दाखवू नये, एवढी विनंती.

ठरलेले आठवडे सप्टेंबरच्या मध्यावर भरले. मी ट्रे बाहेर काढले, हळूहळू वितळू दिले आणि काचगृहात ठेवले. रोज सकाळी तिथे जाऊन मी एकेक ट्रे पाही. नेमके काय व्हावे असे मला वाटत होते, ते मला तेव्हाही नीट सांगता आले नसते. थोड्याच दिवसांत कोरड्या गोठवलेल्या ट्रेंमध्ये तपकिरी काड्यांच्या बुडाशी हिरवे टोक दिसले, मग पुष्कळ टोके. बर्फाच्या लादीत ठेवलेले ट्रे तसेच राहिले. त्यांना हात लावला तर बुळबुळीत लागले. आंबट वास आला. पावियाने फोनवर सांगितला होता तो हाच असणार. ताई म्हणत होत्या ते शब्दशः खरे होते. मी काचगृहाच्या पायरीवर बसून रडलो, आणि मग कॉल-शॉपमध्ये, म्हणजे स्वस्तात परदेशी फोन करू देणाऱ्या दुकानात, जाऊन पावियाला फोन लावला.

तो घरी होता. मी कोण ते सांगितले, ट्रेबद्दल सांगितले, इंग्रजीत, सावकाश, शक्य तितके सोपे करून. कोणते उठले, कोणते नाही. पाविया म्हणाला, "म्हणजे जमीन मेली नव्हती."

"नाही. बांधांमुळे झालं. ती बरोबर सांगत होती."

"बोट गेल्या आठवड्यात येऊन गेली," पाविया म्हणाला.

फोनमधून वारा ऐकू येत होता, का ती नुसती फोनची खरखर होती, कोण जाणे. "माद्यासुद्धा?" मी विचारले. "सगळ्या," तो म्हणाला. "कुत्री अजून गोठ्यात जाऊन बसते." मग त्याने विचारले, "कुंदाला सांगितलंस? ती खूश होईल." तेव्हा मला कळले की त्याला काहीच माहीत नव्हते. त्याला कळवायचे आमच्यापैकी कोणालाही सुचले नव्हते. मी सांगितले. फोन तुटला असे वाटून मी दोनदा हॅलो म्हटले. "मी तिचं ऐकलं नाही," पाविया म्हणाला. "मला वाटलं, ती माझ्यावर दया करते आहे." आणि मग, "सोमवारपासून मला कारखान्यात कामाला जायचं आहे." एवढे बोलून त्याने फोन ठेवला. मला त्याला म्हणायचे होते की बांध फोड, पुढच्या वर्षी पेर, दोन-चार माद्या घे. पण मेंढ्यांवाचून शेत कशाला, आणि शेतावाचून बांध तरी कशाला फोडायचे? म्हणून पुन्हा फोन केला नाही.

प्रयोग संपला की ट्रे रिकामे करून, धुऊन ठेवायचे, असा संस्थेचा नियम आहे. मेलेले ट्रे मी धुतले. उरलेले माझ्या खोलीवर आणले. खिडकीत ठेवले तर गवत भराभर वाढू लागले, त्याला काय माहीत की त्याने जे सिद्ध करायचे होते ते करून झाले आहे. गेल्या आठवड्यात ते फारच वाढून लवले, म्हणून कात्रीने कापले. कापलेले टाकवेना. ऑक्टोबर लागल्यापासून हाइत्सुंग, म्हणजे खोली उबदार ठेवणारी यंत्रणा, चालू असते, त्या गरम नळ्यांवर वर्तमानपत्र पसरून ते वाळत घातले. आता बाहेरून खोलीत आले की वाळल्या गवताचा गोड वास येतो. आमचा शेजारी, बर्लिनचा मुलगा, दारातच थांबून म्हणाला, "तू इथं घोडा ठेवलास की काय?" मी म्हटले, नाही, मेंढ्यांसाठी आहे. तो हसला. सगळे मिळून ते मूठभर आहे, एका मेंढीचा एक घास होईल न होईल. तरी सकाळी उठलो की मी ते खालीवर करतो, बुरशी धरू नये म्हणून.